काळ्या देठाची अकरा रोपं

"कोणी? कोणी भादरलं माझ्या आजोबांना?"

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझी सासू अळूच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभी राहून ओरडत होती. आवाज असा की समोरच्या डोंगरावर टेकलेला ढग दोन हात मागे सरकला. पलीकडच्या खोऱ्यातली रानडुकरं त्या दिवशी पाण्यावर आलीच नाहीत, असं मला नंतर गावातल्या एकाने सांगितलं. त्याने सांगितलं नसतं तरी मी ते लिहिलंच असतं.

मी दात घासत होतो. ब्रश तोंडात तसाच ठेवून धावलो. वाटेत आमची आठ वर्षांची मुलगी पायरीवर बसून केळं खात होती. ती म्हणाली, "बाबा, तुतू इज रिअली मॅड." तुतू म्हणजे हवाईच्या भाषेत आजी. मुलगी म्हणायची म्हणून आम्ही सगळेच सासूला तुतू म्हणायचो.

बांधावर पोचलो आणि बघितलं. आमच्या खाचरांत हिरव्या देठाचं अळू होतं शेकड्यांनी. त्यातल्या एकाही पानाला कोणी हात लावला नव्हता. पण वरच्या कोपऱ्यात, जिथे झऱ्याचं पाणी पहिल्यांदा येतं, तिथे काळ्या देठाची अकरा रोपं होती. ती अकराच्या अकरा बोडकी झालेली. नुसते काळे खुंट पाण्याबाहेर आलेले.

तुतूच्या लोकांत अळू म्हणजे माणसाचा थोरला भाऊ. आधी अळू जन्मलं, मग माणूस, असं ते मानतात. आणि ही अकरा रोपं तर तिच्या आजोबांनी हाताने लावलेल्या रोपांची पोरंनातवंडं. कंद काढायचा, शेंडा परत चिखलात खोचायचा, असं करत करत त्यांनी आणि तिने ते वाण सत्तरेक वर्षं जगवलेलं. बेटावर दुसऱ्या कोणाकडे ते उरलं नव्हतं. म्हणून ती त्यांना सरळ आजोबाच म्हणायची. रोज सकाळी त्यांच्यापाशी जाऊन पाणी किती आहे ते बोटाने मोजायची आणि काहीतरी पुटपुटायची. माझ्याशी ती आठवड्यात मिळून जेवढं बोलायची, त्यापेक्षा आजोबांशी दिवसाला जास्त.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून वाऱ्यावर एक वास आला. चिंच, गूळ, बेसन. ही हजामत कोणी केली ते मला कळलं. आणि वस्तरा कोणी हातात दिला तेही.

हे समजायला थोडं मागे जायला हवं. मी मूळचा सांगलीचा. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आलो तेव्हा तिथल्या बसस्टॉपवर, उणे वीसमध्ये, एक मुलगी अंगावर तीन कोट घालून रडत उभी होती. तिने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण मी तिला सांगितलं की आमच्या सांगलीला याहून जास्त पडतो. तिने विश्वास ठेवला. लग्न झाल्यावर तिने नकाशा बघितला. असो.

मग कॅलिफोर्नियात फ्रीमाँट, टाउनहाउस, फ्रीवे, दोघांच्या नोकऱ्या. डॉट कॉम बुडालं तेव्हा आमची कंपनी अशी बुडाली की सोमवारी पार्किंगमध्ये माझी गाडी एकटीच होती. बायको म्हणाली, "आता घरी जाऊ." घरी म्हणजे तिच्या बेटावर. ते हवाईमधलं एक धाकटं बेट आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना पाहुणे फार आवडत नाहीत. ट्रॅफिक सिग्नल एकही नाही. विमान एवढंसं, की बसण्याआधी सामानासकट माणसाचंही वजन करतात.

तिथे तिच्या आईची, म्हणजे तुतूची, जमीन होती, झरा होता, खाचरं होती. माणसं मात्र कमी झालेली. शेजारची जमीन हॉटेलवाल्यांनी भाड्याने मागितली होती आणि आमचीही मागत होते. बायकोच्या डोक्यात दुसरंच होतं. एका वेळी सहाच पाहुणे आणायचे. आपल्याच घरी ठेवायचे, खोऱ्यात पिकतं तेच खायला घालायचं. अर्धा दिवस त्यांनी खाचरात काम करायचं. बेटावरून काही न्यायचं नाही, दगडसुद्धा नाही. बाटलीतलं पाणी आणायचं नाही. पाहुणे गेले की ते आले होते हे जमिनीला कळता कामा नये. याला ती सस्टेनेबल ट्रॅव्हल म्हणायची. मी मराठी मंडळाच्या ईमेलमध्ये त्याचं "शाश्वत प्रवास" केलं, तर फ्रीमाँटहून एका काकांचा फोन आला: "अरे, त्या प्रवासाची आम्हाला एवढ्यात घाई नाही!"

तुतूला हे मान्य नव्हतं. तिने लहानपणापासून पाहुणे बघितले होते. ते फोटो काढतात, चिखलातून बूट घालून जातात, आणि देवाच्या दगडावर बसून सँडविच खातात. बायको दोन महिने तिच्या मागे होती. शेवटी तुतू म्हणाली, "तीन खेपा. त्यातली एक जरी वाईट गेली, तरी बंद. मग तुम्ही नोकऱ्या शोधा आणि जमिनीचं काय करायचं ते मी बघेन." तेव्हा बायको दोन रात्री झोपली नाही, हे अतिशयोक्ती न करता सांगतो. तिला परत त्या फ्रीवेवर जायचं नव्हतं. मुलीला त्या झऱ्याचं पाणी पाजायचं होतं.

पहिल्या खेपेला बायकोच्या ओळखीच्या दोन मास्तरणी आल्या, खाली मान घालून चिखल तुडवून गेल्या. दुसरी खेप फ्रीमाँटच्या मराठी मंडळींची. तिसरी ॲन आर्बरहून यायची होती.

पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. बायको मुद्दे सांगायची: साधं घर, मेहनत, डास, एकच न्हाणी. मी ते माझ्या पद्धतीने लिहायचो. अळूचं एक पान धरलं तर दोन माणसं पावसात कोरडी राहतात, असं मी लिहिलं. खोऱ्यात अळू इतकं की त्यात एकदा एक गाय हरवली ती गाभण होऊनच बाहेर आली, असंही लिहिलं. बायकोला मराठी वाचता येत नव्हतं, हे माझ्या पथ्यावर.

फ्रीमाँटहून चौघं आले. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सोबत मुलाचे आईवडील. काका निवृत्त बँकवाले, गुडघे दुखरे. विमानतळावर वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा म्हणाले, "हा काटा चुकीचा आहे," आणि तिथल्या माणसाला आपल्या बँकेतल्या काट्याची गोष्ट सांगत बसले. काकू मूळच्या कोकणातल्या. गेली तीन वर्षं मुलाकडे टाउनहाउसमध्ये. सून चांगली, मुलगा चांगला, पण दिवसभर दोघं बाहेर, आणि काकूंना ड्राइव्ह करता येत नाही. बाल्कनीत कुंडीत लावलेलं अळू दर हिवाळ्यात मरायचं. आमचं खाचर बघितल्यावर त्या बांधावर उभ्या राहून दहा मिनिटं काही बोलल्याच नाहीत. काका म्हणाले, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा."

पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. मुलगा मोबाइल डोक्यावर धरून सिग्नल शोधत डोंगर चढला आणि तसाच उतरला. काकूंनी मुलाची जुनी ट्रॅक पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरून तण काढलं. तुतूने लांबून दोनदा बघितलं. ती नापसंतीने बघत नव्हती, आणि तुतूच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाण्याच्या पाइपला फडकं गुंडाळत होतो. काकू आल्या. "अरे, सगळ्यांना वड्या करून घालीन म्हणते. बेसन, चिंच, गूळ आणलंय मी. घेऊ का चार पानं?"

आता इथे माणसाने म्हणावं, तुतूला विचारतो. मी म्हणालो, "चार काय, चारशे घ्या काकू! इथे अळूला काय तोटा! आपलंच आहे!"

बोलून गेलो. माझं तोंड माझ्या आधी जन्मलंय.

आणि काकू म्हणजे हाडाच्या सुगरण. आमच्याकडे वडीला काळ्या देठाचंच अळू लागतं, हिरवं भाजीला. हे आपल्या कोणत्याही बाईला झोपेतून उठवून विचारा. त्यांनी पहाटे उठून शेकडो हिरवी पानं सोडली आणि शोधून शोधून काळ्या देठाची तेवढी काढली. चिखलात पाऊल उमटू न देता. सगळ्यांना उठल्यावर आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून.

तो बसला.

तुतू खाचरातून निघाली ती चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात. तिथे काकू तिसरा उंडा गुंडाळत होत्या. तुतूच्याच वाफाळ्याच्या भांड्यात पहिले दोन शिजत होते. बायको दारात उभी होती. तिने भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला अजून काही माहीत नव्हतं, पण आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती.

तुतू बेटावरच्या इंग्रजीत बोलते. काकूंना टीव्हीवरचं इंग्रजी कळतं, हे नाही. दुभाषा मी.

तुतू म्हणाली, "हिला सांग, हिने माझं घर जाळलं असतं तर मला कमी लागलं असतं. घर माझ्या नवऱ्याने बांधलं होतं, ते परत बांधता येतं. हे वाण समुद्राच्या लाटेतून वाचलं, दुष्काळातून वाचलं, आणि हिच्या सुरीखाली गेलं."

मी म्हणालो, "काकू, तुतू म्हणते, जरा विचारायला हवं होतं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "ती एवढं लांबलचक बोलली आणि तू एवढंसंच सांगतोस?"

"त्यांची भाषा जरा पाल्हाळीक आहे."

"खरं सांग."

मग सांगितलं. आजोबांचं, वाणाचं, सगळं. काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली आणि पदर नव्हता तरी पदराला हात पुसल्यासारखे केले. काका दारातून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, उपमा कर."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या.

तुतू बायकोकडे वळली. आवाज आता खाली आला होता, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. "हे लोक उद्याच्या विमानाने जातील. तिसरी खेप येणार नाही."

बायकोने मान हलवली. वाद घातला नाही. आमच्या फ्रीमाँटच्या घराच्या किल्ल्या अजून भिंतीवरच्या खिळ्याला होत्या. तिने उगाचच तिकडे बघितलं आणि बाहेर निघून गेली.

काकूंनी मात्र तुतूचा हात धरला. आमच्याकडे कोणी तुतूचा हात धरत नाही. सासरे असताना तेही विचारून धरायचे. "चल," काकू मराठीत म्हणाल्या, "दाखवते." आणि तिला ओढतच खाचराकडे घेऊन गेल्या. मी मागोमाग.

काकू पहिल्या खुंटापाशी वाकल्या आणि बोटाने देठ बाजूला केले. आत मधोमध पेन्सिलीएवढी एक सुरळी उभी होती, घट्ट गुंडाळलेलं नवं पान. मग दुसऱ्याची दाखवली. मग तिसऱ्याची. तुतू वाकली. ती स्वतःच पुढे सरकत एकेक खुंट चाचपत गेली. अकरा रोपं, अकरा सुरळ्या. एकीलाही सुरीचा ओरखडा नाही.

"विचार हिला," तुतू मला म्हणाली, "सुरळी सोडायला हिला कोणी सांगितलं?"

मी विचारलं. काकू म्हणाल्या, "सांगायला कशाला लागतं? सुरळी काढली तर पुढच्या वेळी खाणार काय?"

हे मी शब्दाला शब्द सांगितलं. तुतूने पाण्यात बोट घालून खोली मोजली. म्हणाली, "पानं नसली की कंद पाण्यात कुजतो. ही आजच्या आज उपटायची. कंद काढून शेंडे वरच्या खाचरात, नव्या चिखलात लावायचे. कंद अजून कच्चेच आहेत. तेवढे गेले."

मग तिने विचारलं, "आणि पानं घे, असं कोणी सांगितलं हिला?"

हेही मी काकूंना मराठीत विचारलं. माझ्याच तोंडाने. काकूंनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मलाच मोह झाला. काळं देठ बघितलं आणि राहवलं नाही."

मी तुतूला सांगितलं, "ती म्हणते, कोणी नाही." त्या दिवसातलं माझं सगळ्यात प्रामाणिक भाषांतर ते, आणि सगळ्यात खोटं बोलणंही तेच. बायको बांधावर येऊन उभी राहिली होती. तिला वाचता येत नसलं तरी मराठी ऐकून कळत होतं.

वाफवलेल्या उंड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. तुतूच्या मते कापलेलं पान फेकणं हा दुसरा गुन्हा. तेव्हा काकूंनी वड्या कापल्या, तळल्या, आणि आम्ही सगळे एखाद्याच्या तेराव्याला बसावं तसे ओळीने बसलो. तुतूने आधी घड्याळ बघितलं. तिच्याकडे अळूचं पान दीड तास उकळतात, नाहीतर घसा खाजतो. काकूंनी वीस मिनिटं वाफवलेलं. तुतूने एक वडी उचलली, घशाला हात लावून बसली, वाट बघितली. मग आणखी सहा खाल्ल्या. मुलगी मोजत होती.

जेवल्यावर सगळे खाचरात. मुलाने आणि सुनेने नवा चिखल पायाने मळला. काकांनी बांधावर खुर्ची टाकून देखरेख केली. तुतू कंद कापून शेंडे द्यायची, काकू खोचायच्या. पाचव्या रोपापाशी भांडण लागलं. काकू भाताची लावणी करतात तशा जवळजवळ लावत होत्या. तुतू म्हणत होती, दोन हात अंतर. काकू मराठीत, तुतू हवाईच्या भाषेत, आणि मी बोललो की दोघी मिळून "तू गप्प!" ते मात्र दोघींचं एकमेकींना कळत होतं.

बायको माझ्या शेजारी चिखल मळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांगणार आहेस, का मी सांगू?"

"आत्ता? सगळं मार्गी लागत असताना?"

"त्या बाईने तुझ्यासाठी माझ्या आईसमोर चोरी कबूल केली."

मी नळाखाली पाय धुतले. मग तुतू शेवटचा शेंडा कापत होती तिथे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तुतू, काकूंनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, चारशे घ्या." तिने मान वर केली नाही. शेंडा माझ्या हातात दिला आणि काकूंकडे बोट दाखवलं, म्हणजे नेऊन दे. मी नेऊन दिला. काकू पुटपुटल्या, "कशाला सांगितलंस? सुटला होतास की."

पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तुतूने त्यांना जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. सकाळी फक्त न्याहारीला चार ताटल्या जास्त मांडल्या. ठरल्याप्रमाणे ते पाचव्या दिवशी निघाले. काकू निघताना खाचरात जाऊन आल्या. सुनेने त्यांच्या पिशव्या तपासल्या, काही घेतलंय का. दगडसुद्धा नव्हता.

त्यानंतरचे दहा दिवस घरात तिसऱ्या खेपेचा विषय कोणी काढला नाही. बायको रोज सकाळी वरच्या खाचरात जाऊन यायची. मी तिला विचारायचो नाही. आठव्या दिवशी पहिली सुरळी उलगडली, तळव्याएवढं पान, देठ काळाभोर. दहाव्या दिवसापर्यंत नऊ रोपांना पानं आली. दोन कुजली. ती तुतूने स्वतः उपटली आणि बांधावर पुरली. तेव्हा तिने काय म्हटलं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी ती ओट्यावर कंद सोलत बसली होती. बायको तिच्यासमोर जाऊन बसली. मी दारामागे उभा होतो, सहज.

"आई, ॲन आर्बरच्या लोकांना काय कळवायचं?"

तुतूने हातातला कंद सोलून पूर्ण केला, पाण्यात टाकला, दुसरा उचलला.

"येऊ देत," ती म्हणाली. "पत्र तू लिही. त्याला लिहू देऊ नकोस."